तळाची चार बोटं

आमच्या आप्पांच्या दुकानात तक्रार घेऊन आलेला माणूस तक्रार न करताच परत जायचा, आणि या गोष्टीचा आप्पांना फार अभिमान होता. दुकान धान्य साठवायच्या पत्र्याच्या कोठ्यांचं. लातूरला, गोलाईच्या मागच्या बोळात. पुढं गादी, गादीवर आप्पा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खांद्यावर उपरणं. समोरच्या हॉटेलाकडं बघून त्यांनी नुसता हात वर केला की चहा यायचा. किती कप हे हॉटेलवाला माणसं बघून आपलं आपण ठरवायचा.

गिऱ्हाइक यायचं ते उन्हातून, एसटीच्या टपावर कोठी टाकून, कावलेलं. तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणायचे, "या, बसा. आधी पाणी घ्या." पाण्यामागून चहा. चहाबरोबर गावाकडची हालहवाल, जनावरांचा चारा, लेकीचं कुठं जमलं, जावई काय करतो. कप खाली ठेवेपर्यंत त्या माणसाचा राग कुठल्या कुठं गेलेला असायचा. "चांगलीच हाय की कोठी. जरा तेवढं झाळून द्या म्हंजे झालं," असं म्हणून, वर आप्पांचेच आभार मानून तो उठायचा. आप्पा हात जोडून "शरणार्थ" म्हणायचे आणि मग मान वळवून माझ्याकडं बघायचे.

"बघितलंस? आपल्या मालाला आजवर कुणी नाव ठिवलं न्हाई."

मी काय बोलणार? मी नवी होते, पगार त्यांचा खात होते आणि चहाही त्यांचाच पीत होते.

तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. ज्या कामांसाठी उस्मानाबादचे खेटे घालावे लागत, त्यांची ऑफिसं आता इथंच उघडत होती. पानाच्या टपरीवर उभा राहिलेला माणूससुद्धा "आमच्या जिल्ह्यात" असं म्हणूनच वाक्य सुरू करायचा. या नव्या ऑफिसांना, शाळांना, दवाखान्यांना लागणारा माल द्यायचा तर टेंडरबरोबर मालाचा नकाशा जोडावा लागे. आप्पांच्या कोठीचा नकाशा कधी कुणी काढलाच नव्हता. तो आमच्या मुख्य कारागिराच्या, उस्तादांच्या हातात होता, आणि हात काही टेंडरला जोडता येत नाही. म्हणून आप्पांनी नकाशे काढणारं माणूस शोधलं आणि त्यांना मी सापडले. मूळची मुखेडची, नांदेडला यंत्रांचे नकाशे काढायला शिकलेली, लातुरात मावशीकडं राहणारी.

बाईमाणसाला बसवायचं कुठं, हा मोठाच प्रश्न झाला. गादीवर बरं दिसत नाही, मागं कारखान्यात ठोकाठोकीत त्याहून बरं दिसत नाही. दुकान आणि कारखाना यांच्यामध्ये पोत्यांचा शिवलेला एक जाड पडदा होता. त्या पडद्याला खेटून माझं टेबल लागलं. त्यामुळं माझा एक कान पुढच्या गप्पांत आणि एक कान मागच्या हातोड्यांत असायचा. मला ते फार आवडायचं. जस्ती पत्र्याचा वास, सांधा कथलानं झाळताना येणारा चरचर आवाज, आणि मधूनच उस्तादांचं पुटपुटणं. घरातून निघताना मी अक्षरशः उड्या मारत निघायचे. मावशी म्हणायची, हिला ऑफिसात जिलेबी मिळते की काय.

उस्ताद मूळचे उदगीरचे. आप्पांच्या वडलांच्या वेळेपासूनचे. पांढरी दाढी, बारीक अंग, आणि पत्र्याची घडी अशी मारायचे की सांधा बोटाला लागत नसे. गिऱ्हाइकाचं तोंड त्यांनी कधी बघितलेलं नव्हतं. कोठी पडद्यामागून पुढं जायची, आणि बिघडली तर पडद्यापुढून मागं यायची. तिच्याबरोबर बोलणं म्हणून काही यायचं नाही. ते सगळं चहाबरोबर पोटात गेलेलं असायचं.

पाऊस त्याआधीच्या वर्षीही नीट झाला नव्हता आणि त्या वर्षी तर त्यानं पाठच फिरवली. ज्वारीच आली नाही तर ज्वारीच्या कोठ्या घेणार कोण? दुकानात कोठ्यांवर कोठ्या चढल्या. तेव्हा आप्पांच्या डोक्यात आलं की गावोगाव टँकर सुरू झालेत, लोकांना पाणी साठवायला भांडी नाहीत, तर याच कोठीला तोटी बसवू आणि पाण्याची कोठी म्हणून विकू. कल्पना चांगली होती. पहिल्या कोठ्या हातोहात गेल्या. आप्पांनी सगळ्यांना भजी चारली, आणि मी टेंडरसाठी नकाशा काढायला घेतला.

मग विक्री हळूहळू थंडावली. नवीन गिऱ्हाइक येईना, जुनं यायचं ते कोठी झाळून घ्यायला. लोक दुसऱ्याकडचे साधे पिंप नेऊ लागले. आप्पांना काही समजेना. एका संध्याकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना पुढं बोलावलं. "मी लपवून ठिवत न्हाई," ते म्हणाले. "दाण्याची कोठी तर बसलीच. ही पाण्याची चालली न्हाई तर दिवाळीपस्तोर दुकान वढंल. म्होरं न्हाई."

कारखान्यातले सगळे आसपासच्या गावांचे होते आणि गावात ना काम होतं ना पाणी. माझं म्हणाल तर मला मुखेडला परत जावं लागणार होतं. आईला आनंदच झाला असता. मला रडू येत होतं.

रडण्यापेक्षा मला चिडणं बरं जमतं. मी दुरुस्तीला आलेल्या कोठ्या बघायला लागले. आई म्हणायची, या पोरीला प्रश्न विचारायचा रोग आहे. तो रोग इथं उपयोगी पडला. कोठ्या वेगवेगळ्या गावांच्या होत्या, पण पोचा सगळ्यांना एकाच जागी आलेला. तोटीच्या बरोबर खाली, तळाच्या कडेला. तिथंच सांधा उसवलेला.

"उस्ताद, सगळ्यांना इथंच कसा पोचा येतो?"

"वापरायला येत न्हाई लोकांना, बेटा. पोरं ढकलत असतील."

"सगळ्या गावांतली पोरं एकाच बाजूनं ढकलतात का?"

उस्तादांनी माझ्याकडं बघितलं आणि हातोडा जरा जोरात मारला. मी पुढं जाऊन आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "तसं काय असतं तर लोकांनी सांगितलं असतं की. आपण काय कुणाला वाघ हाव का?"

त्याच आठवड्यात औशाकडच्या एका गावची बाई कोठी घेऊन आली. उंच, सावळी, पदर कमरेला खोचलेला. येताना चेहरा असा की आज आप्पांची धडगत नाही. पण पाणी झालं, चहा झाला, तिच्या गावातले आप्पांचे कोण कुठले पाहुणे निघाले, आणि ती म्हणाली, "चांगली हाय की कोठी." तेवढ्यात मागं झाळून झालं. ती कोठी उचलून निघाली. मी टेबलावरून उठले आणि तिच्या मागं गेले. आप्पांना वाटलं मी घरी निघाले.

स्टँडवर तिला गाठलं. कोठी शेजारी उभी करून ती गाडीची वाट बघत होती.

"काय बिघडलंय कोठीत?" मी विचारलं.

"काय न्हाई की."

"मग टपावर टाकून एवढ्या लांब कशाला आणलीत?"

ती हसली. "आत्ताच चहा पिऊन आले ना बाई त्येंचा. तोंडातली चव गेली न्हाई आन लगेच नावं ठिवू व्हय?"

"मला सांगा. मी कुठं चहा पाजलाय?"

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "सांगून कळायचं न्हाई. घरी ये."

सुट्टीच्या दिवशी मी गेले. एसटीतून उतरल्यावर दोन्हीकडं नुसती काळी उघडी रानं, भेगाळलेली. घराच्या ओसरीत आमची कोठी तीन दगडांवर ठेवलेली होती. टँकर येऊन गेल्याला वेळ झाला होता. बाईनं तोटी फिरवली. दोन थेंब पडले आणि बंद झाली. मग तिनं कोठीला चापट मारली. आत पाणी डचमळलं.

"ऐकलंस? हाय पाणी. आता धर."

"काय धरू?"

"कोठी धर मागून. वाकीव."

मी मागून धरली आणि रेटली. तिची सासू पटकन मागच्या बाजूला विटेचा तुकडा सारायला बसली. बाईनं तोटीखाली कळशी धरायला बघितली, पण तोटी इतकी खाली की कळशी जाईना. तिनं पितळी तांब्या घेतला. एक तांब्या भरला की कळशीत ओतायचा, की पुन्हा तोटीखाली. सगळ्या कोठीचा भार पुढच्या कडेवर आलेला. माझे हात भरून आले, पाय घसरला, आणि सासूबाई ओरडल्या, "सोडू नगंस, माझी बोटं हायत खाली."

"रोज असं करता?"

"मग काय करतीस? ती चार बोटं पाणी सोडून दिऊ?"

परत येताना मला गाडीत राग आवरत नव्हता. आप्पांचा राग, त्यांच्या चहाचा राग, त्या बाईच्या भिडेचा राग. एवढी माणसं एवढ्या लांबून येतात, आणि जे सांगायला येतात तेवढंच सांगत नाहीत. आणि आम्ही त्यांच्या न बोलण्यावर खूश.

दुसऱ्या दिवशी मी पडदा बाजूला केला आणि आप्पा आणि उस्ताद दोघांनाही ऐकू जाईल असं सगळं सांगितलं. तोटी तळापासून चार बोटं वर आहे, तेवढं पाणी निघत नाही, ते काढायला बायका कोठी वाकवतात, म्हणून कडेला पोचा येतो आणि सांधा उसवतो. मला वाटलं होतं उस्ताद चकित होतील. ते अगदी शांतपणे म्हणाले, "ती चार बोटं मीच ठिवलीत, बेटा."

मग मला कळलं. धान्याच्या कोठीचं दाणा काढायचं तोंड तळापासून चार बोटं वर ठेवायचं, ही या दुकानाची पहिल्यापासूनची रीत होती. आप्पांचे वडील म्हणायचे, आपल्या हातची कोठी कुणाच्या घरात कधी रिकामी होता कामा नये. घरात कितीही ओढ असली तरी तळाशी दाणा राहिला पाहिजे, म्हणजे घराची बरकत राहते. आमच्या मुखेडच्या घरीही आई कोठी कधी खरवडून काढत नसे, त्यामुळं मला यात नवल वाटलं नाही. पाण्याची कोठी करायची ठरली तेव्हा तोटी त्याच जागी गेली. कुणी विचारच केला नाही. कोठी म्हटल्यावर तिची चार बोटं आलीच.

"पण उस्ताद, हे पाणी आहे."

"कोठी ती कोठीच. थोरल्या आप्पांना जबान दिलीय मी. ते गेले तेव्हा मी उशाशी होतो. रिकामी होणारी कोठी या हातानं करणार न्हाई."

मी तरी नकाशा काढलाच. तोटी अगदी तळाला. उस्तादांनी तो उजेडात धरून बघितला, नीट घडी करून मला परत दिला. "नकाशा साफ हाय. दुसऱ्या कुणाकडून करून घ्या." त्यात राग नव्हता. त्या दिवशी काम सुटल्यावर त्यांनी आपली स्वतःची हत्यारं, लाकडी हातोडा, कातर, झाळायची काडी, एका लाल फडक्यात बांधली आणि गाठोडं दाराजवळ ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून ते दुकानाच्या हत्यारांनी काम करू लागले. "लेक लई दिवस झाले उदगीरला बोलावून राहिली. हातातलं काम उरकलं की जातो म्हणतो," असं त्यांनी सगळ्यांना गोड आवाजात सांगितलं.

म्हणजे आता अशी गत झाली. तोटी खाली नेली तर उस्ताद जाणार, आणि उस्तादांशिवाय पाणी धरणारा सांधा आमच्यात कुणाला येत नव्हता. तोटी तिथंच ठेवली तर दुकान जाणार. आप्पा उस्तादांना हुकूम करू शकत होते, पण करणार नव्हते. जबान त्यांच्याच वडलांना दिलेली. आप्पांनी हात वर केला आणि सगळ्यांना चहा मागवला. संकटात त्यांना दुसरं काही सुचत नसे.

औशाकडची ती बाई परत आली. सांधा पुन्हा उसवला होता. ती पायरी चढते आहे तोवरच आप्पांचा हात वर जायला लागला. मी म्हणाले, "आप्पा, चहा नंतर."

"आं?"

"चहा नंतर. आधी आत जाऊ द्या."

"येडी झालीस का? गिऱ्हाइकाला त्या पत्र्याच्या कातरणात नेतीस? पाय कापंल तिचा."

बाई म्हणाली, "आमचे पाय काय लोण्याचे हायत व्हय?" आणि मी उचलून धरलेल्या पडद्याखालून आत गेली.

आत सगळे हातोडे थांबले. मला तो क्षण अजून आठवतो. ज्यांनी इतक्या कोठ्या केल्या, त्यांनी त्यातली एखादी वापरणारं माणूस पहिल्यांदाच बघितलं. उस्ताद उठले, आपला पाट पुसून तिच्याकडं सरकवला. "बैस बेटी. काय झालं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "चहा अजून आलेला नाही," मी म्हणाले. ती हसली आणि बोलायला लागली.

आणि काय बोलली! वाकवणं, वीट, सासूची चेचलेली बोटं, तोटीखाली न जाणारी कळशी, दगडांवरून घसरणारी कोठी. आणि मग म्हणाली, "आन ती तळातली चार बोटं. कदी वाकवायला माणूस नसलं की तसंच राहतंय. त्यात अळ्या होत्यात, चाचा. वरून टँकरचं नवं वतलं की तेबी नासतंय."

"तळाला थोडं राहावं लागतं, बेटी," उस्ताद म्हणाले. "बरकत असते."

"मला ठावं हाय की. माझ्या घरी दाण्याची कोठीबी तुमचीच हाय, सासऱ्यानं आणलेली. यंदा रानात काय सुदिक आलं न्हाई. इकतचं रेशनचं खाऊन राहिलो आमी. पर त्या कोठीतल्या चार बोटांना हात लावला न्हाई." तिनं कोठीच्या तोटीला हात लावला. "दाणा राहिला तर कदी ना कदी पेरायला होतोय. पाणी राहिलं तर नुसतं नासतंय. त्याला काय म्हणावं?"

उस्तादांनी तिची कोठी जवळ ओढून तळाच्या कडेवरून बोट फिरवलं. मी पडद्याकडं बघितलं. तिथं आप्पा उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मालाला ठेवलेली नावं ऐकत होते, आणि चेहरा असा की कुणीतरी मारलंय पण कुठं ते सापडत नाही. मला त्यांची दया आली आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा उस्ताद जमिनीवर उकिडवे बसून खडूनं रेघा मारत होते. "बेटा, तळ वाकडा केला तर?"

मी बसले. बाकीचेही जमले. कोठीच्या आत दुसरा तळ टाकायचा, मागून उंच, पुढं उतरता, आणि तो उतार संपतो तिथंच तोटी. म्हणजे पाणी आपोआप तोटीकडं येणार, शेवटच्या थेंबापर्यंत. तोटी जागची हलवायलाही नको. मी म्हणाले, पाणी थोडं कमी मावेल. कारखान्यातला एक जण म्हणाला, जे हाती येत नव्हतं तेवढंच कमी होईल. सगळे एकदम बोलत होते. अंधाऱ्या कोपऱ्यात बसणारा जो कारागीर कधी बोलत नसे त्यानं खाली हातभर उंच कडं बसवायचं सुचवलं, म्हणजे दगड लागायला नकोत आणि तोटीखाली कळशीही बसेल. आप्पा सारखे पडदा उचलून बघत होते. शेवटी त्यांनी तो खिळ्याला अडकवूनच ठेवला. तो पुन्हा कधी खाली आला नाही.

"आणि दोन तळांच्या मधे ही पोकळी राहते, तिचं काय?" मी विचारलं.

"ती बंद करायची. झाळून." उस्तादांनी त्या रेघांच्या मधे खडूनं ठिपके काढले. "आत ज्वारी घालून."

आम्हाला समजायला वेळ लागला. मग आप्पा गादीवरून उठून आत आले आणि त्या ठिपक्यांकडं बघत उभे राहिले. उपरण्याचं टोक त्यांनी डोळ्यांना लावलं. "म्हंजे रिकामी होणार न्हाई," ते म्हणाले.

"न्हाई होणार," उस्ताद म्हणाले.

आता ज्वारी आणायची कुठून? ज्वारी बाजारात दिसत नव्हती, आणि बाजारातली उस्तादांना नकोच होती. आप्पा म्हणाले, घरची घेऊ. आप्पांच्या घरची कोठी म्हणजे थोरल्या आप्पांनी या दुकानात करवून घेतलेली पहिली कोठी. तिच्यात वरची ज्वारी भरली जायची, निघायची, पण तळची चार बोटं थोरल्या आप्पांच्या हातची, तशीच होती. आम्ही आप्पांबरोबर घरी गेलो. आप्पांच्या बायकोला सगळं दुकान अव्वा म्हणायचं. अव्वांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काढा. पर आत काय हाय ते बघून घ्या."

कोठी आडवी केली. आतून निम्मा भुसा आणि पोरकिडे बाहेर आले. आप्पांचं तोंड बघवेना.

"हे कधीपासून असं हाय?"

"लई दिवस झाले. दर साल ऊन दाखवायला पायजे होतं. तुमी हात लावू देत नव्हता."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुमी इचारलं का?" अव्वा म्हणाल्या आणि सूप घेऊन पाखडायला बसल्या. घरातसुद्धा आप्पांच्या चहाची हीच जादू चालत होती म्हणायची. पाखडून झाल्यावर सुपात चांगली टणक, पिवळसर ज्वारी उरली. थोडीच होती, पण मूठमूठ घालायला पुष्कळ कोठ्यांना पुरली असती.

पुढचं आधीच सांगून टाकते. त्या कोठ्या चालल्या. दिवाळी आली तरी दुकान उघडं राहिलं, आणि नंतरही पुष्कळ वर्षं. नव्या ऑफिसात नमुन्याची कोठी घेऊन गेलो तेव्हा तिथल्या साहेब ती हलवून बघताना "आत काय वाजतंय?" म्हणून दचकले. नकाशात मी ते दाखवलं नव्हतं. आप्पांनी समजावून सांगितलं. साहेब आमच्याच भागातले निघाले. त्यांनी कोठी पुन्हा एकदा, मुद्दाम, हलवून बघितली. आता मी नांदेडला असते. घरात नळाला पाणी आहे, ते गाळायचं यंत्र आहे, आणि कोपऱ्यात ती कोठीही आहे. जागा बदलताना ती खुळखुळते, आणि मला बरं वाटतं.

पण मला सांगायचं आहे ते पहिल्या कोठीचं. ती औशाकडच्या त्याच बाईसाठी केली. निरोप धाडून तिला बोलावून घेतलं होतं. खालचा तळ बसवून झाला होता. आप्पांनी ज्वारी ओंजळीत धरली आणि उस्तादांच्या हातात ओतली. उस्तादांनी ती चार बोटांच्या पोकळीत सोडली, वरून उतरता तळ ठेवला, आणि झाळायला बसले. दुकानाच्या काडीनं. गाठोडं अजून दाराशी तसंच होतं. माझं लक्ष कोठीपेक्षा त्या लाल फडक्याकडंच होतं. कोठी झाली तरी बोलल्याप्रमाणे ते उदगीरला जाणारच, असं मला वाटत होतं.

पाणी भरलं. बाईनं तोटीखाली कळशी ठेवली. ती नीट बसली. कळशीमागून कळशी भरत गेली, आणि शेवटी तोटीतून धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली. बाईनं कोठीला चापट मारली. आत पाण्याचा आवाज आला नाही. नुसती ज्वारी खुळखुळली.

आप्पांचा हात सवयीनं वर गेला आणि त्यांनी तो मधेच खाली घेतला.

"आणखी काय, बेटी?" उस्तादांनी विचारलं.

ती जरा घुटमळली. मग तोटी धरून म्हणाली, "ही तोटी लई घट्ट फिरती, चाचा. सासूच्या हाताला न्हाई यायची."

उस्तादांनी तोटी फिरवून बघितली. मान हलवली. मग उठून दाराशी गेले, गाठोडं उचलून आणलं, आणि तिच्यासमोर बसून लाल फडक्याची गाठ सोडायला लागले. तिला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. ती वळून म्हणाली, "आप्पा, आता सांगा चहा."